पावसाचे पाणी : उगम, हद्द आणि निचरा

शहरात पडणाऱ्या पावसाचे दोन भाग असतात. पहिला भाग समुद्रापर्यंत पोहोचतो. दुसरा भाग जिथे साचतो ती जागा कोणाच्या हद्दीत येते हे ठरेपर्यंत तिथेच थांबतो. पहिल्या भागाचा अभ्यास जलशास्त्र करते. दुसऱ्या भागाचा अभ्यास कोणतेच शास्त्र करत नाही. तो पत्रव्यवहारात होतो. या दोन्ही भागांचा अभ्यास करायला मुंबईइतके सोयीचे शहर देशात दुसरे नाही. येथे वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. त्याला वाट करून देण्याची जबाबदारी मात्र महापालिका, एमएमआरडीए, दोन रेल्वे, विमानतळ, बंदर, म्हाडा, मेट्रो, वनविभाग आणि मीठ आयुक्त अशा इतक्या कार्यालयांत वाटलेली आहे की, त्या सगळ्यांच्या दारात जाऊन आलेले पाण्याखेरीज दुसरे कोणीही नाही.

जमीन आणि तिचा मूळ मालक

मुंबईची बरीचशी जमीन मुळात समुद्राची. सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली अठराव्या शतकापासून भरत आणल्या गेल्या. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधले खिंडार बांध घालून बुजवले. हा व्यवहार समुद्राने मान्य केल्याची नोंद कुठे सापडत नाही. तो अजूनही दिवसातून दोनदा जागेची पाहणी करून जातो.

या पाहणीला भरती म्हणतात. भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असे दिवस महापालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. ही यादी कधी चुकत नाही आणि कधी उशिराही येत नाही, कारण ती तयार करण्यासाठी कोणत्याही दोन खात्यांना एकत्र बसावे लागत नाही; सगळे काम चंद्र एकटा करतो.

शहरातले पाणी समुद्रात जिथे पडते त्या जागांना सरकारी भाषेत पातमुखे म्हणतात. यांतली बरीच पातमुखे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. त्यामुळे पातमुख हे बाहेर जाण्याचे दार आहे असे गटार मानते आणि आत येण्याचे दार आहे असे समुद्र मानतो. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की दोघेही दारात भेटतात. दादर आणि परळ यांच्यामधला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट असल्यामुळे ही भेट लांबली तर तिचा खर्च हिंदमाताला करावा लागतो. शीवचे गांधी मार्केट, सांताक्रूझचा मिलन सबवे आणि अंधेरी सबवे ही याच यादीतली इतर मान्यवर ठिकाणे. पावसाळ्यात यांचा उल्लेख बातम्यांत इतका नियमित येतो की, यांतले एखादे कोरडे राहिले तर तीच बातमी होते.

गटाराचे गणित

जुन्या मुंबईतल्या पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ब्रिटिशांच्या काळातली आहे. ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखली गेली. त्या हिशेबात तीन गृहीतके होती : पाऊस बेताने पडेल, निम्मे पाणी जमिनीत मुरेल आणि पाऊस पडेल तेव्हा समुद्राला ओहोटी असेल. तिन्ही गृहीतके आपापल्या जागी सभ्य आहेत. तिन्ही एकदम पाळणारा पाऊस मात्र मुंबईत क्वचितच येतो.

पुढे शहर वाढले आणि पाणी मुरायला जागा उरली नाही. अंगणांवर फरशा आल्या, मैदानांवर इमारती आल्या, इमारतींभोवती गाड्या लावण्यासाठी काँक्रीट आले. २०२३ पासून रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा रस्त्याच्या कडेला मातीची जी पट्टी होती तीही गेली. आता शहरात पाणी मुरण्याची एकच जागा शिल्लक असल्याचे जाणकार सांगतात, ती म्हणजे निविदा. शिवाय रस्ता दुरुस्त झाला की दर वेळी चार बोटे वर येतो. जुन्या चाळींना त्यामुळे वेगळे काही न बांधता तळघर मिळते. मूळच्या तळमजल्यावरचा भाडेकरू घर न बदलता तळघरात राहायला जातो आणि उंबऱ्यावर विटांचा बांध घालून स्वतःपुरते पूरनियंत्रण करतो. शहरातला हा सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि कोणत्याही परवानगीशिवाय चालणारा प्रकल्प आहे.

छपरावरचे पाणी साठवण्याचा नियमही आहे. २००२ पासून हजार चौरस मीटरच्या वरच्या आणि २००७ पासून तीनशे चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर नव्या बांधकामांना तो लागू झाला. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत ही व्यवस्था काळजीपूर्वक जपली जाते. पुढे तिचा पाइप कुठे जातो हे फक्त सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींना माहीत असते, आणि ते आता मुलाकडे पुण्याला असतात.

तासाला २५ मिलिमीटरचा हिशेब अपुरा आहे हे महापालिकेला उशिरा कळले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने सल्लागार नेमले आणि १९९३ साली ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल हाती आला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा आणि त्यातला थेंबही मुरणार नाही असे समजा, हा त्याचा गाभा. अहवाल उत्तम होता. पुढची बारा वर्षे त्याने बहुतांश कपाटात काढली. कपाट वरच्या मजल्यावर असल्यामुळे त्याला पाणी लागले नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याची नोंद होती ७३ मिलिमीटरची. मंत्रालय आणि महापालिकेचे मुख्यालय कुलाब्याच्या बाजूला आहेत. उपनगरांत माणसे गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती तेव्हा दक्षिण मुंबईतल्या खिडकीतून नेहमीचा पावसाळी दिवस दिसत होता. त्या पावसात राज्यात हजाराच्या आसपास माणसे गेली. या विषयावरच्या विनोदाला तेव्हापासून एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पाळूनही विनोदाला भरपूर जागा उरते हीच या विषयाची अडचण आहे.

त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. ब्रिमस्टोवॅड अहवाल आला त्याच १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले हे अभियंते. समितीने गटारे, नद्या, भरती, अतिक्रमणे आणि यंत्रणांची एकमेकांशी असलेली अनोळख असे सगळेच तपासले. ब्रिमस्टोवॅड कपाटातून बाहेर आला आणि २००७ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे बाराशे कोटी रुपये मंजूर केले. मराठीत ज्याला भिजत घोंगडे म्हणतात, ते वाळत घालण्यासाठी इतकी मोठी रक्कम यापूर्वी क्वचितच मंजूर झाली असेल.

नदी आणि तिचे पालक

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. २००५ पूर्वी तिच्या काठावरच्या अनेकांना ती नाला वाटत असे. आपण नदी असल्याचे शेवटी तिनेच सांगितले. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि नदीची कामे वाटून देण्यात आली : वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे.

ही वाटणी कागदावर अगदी नीट दिसते. मात्र गाळाला तिची प्रत पाठवलेली नव्हती. तो वरच्या भागात सुटतो आणि प्रवाह मंदावला की खालच्या भागात बसतो. त्यामुळे एका संस्थेचा गाळ दुसऱ्या संस्थेच्या अंदाजपत्रकात निघतो. उलट खाडीच्या तोंडाशी भरतीने पाणी अडवले की तुंबवटा वर सरकतो आणि खालच्या संस्थेचे पाणी वरच्या संस्थेच्या वस्तीत शिरते. देवाणघेवाण म्हणून पाहिले तर हा व्यवहार चोख आहे. फक्त त्याची पावती कुर्ल्याच्या रहिवाशांना मिळते.

मधल्या टप्प्यात नदीला विमानतळ लागतो. येथे ती धावपट्टीखालून जाते आणि त्यासाठी तिला काटकोनात वळवलेले आहे. नदीला काटकोन काढता येत नाही, अभियंत्याला येतो. साधारण पाऊस असेल तेव्हा अभियंता जिंकतो. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आहे. ते नदीकाठच्या दलदलीवर भर घालून एमएमआरडीएने वसवले, आणि नदीच्या खालच्या भागाची देखभाल जिच्याकडे आली त्या एमएमआरडीएचे मुख्यालयही तिथेच आहे. नदीच्या जागेत बसून नदीचे काम पाहण्याची ही सोय इतरत्र सहसा मिळत नाही.

दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या उरलेल्या तीन नद्या. यांचा उगम बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांत आहे. उगम वनविभागात, मधला प्रवास महापालिकेत, पूल रेल्वेचे, शेवट कांदळवनात. यांपैकी कोणत्याही नदीला उगमापासून मुखापर्यंत एका टेबलावर बसून कोणी पाहिलेले नसते. रस्त्यांचेही तेच. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग शहराच्या पोटातून जातात, पण ते महापालिकेच्या ताब्यात यायला २०२२ साल उजाडले. तोपर्यंत महामार्गावरून उतरून गल्लीत शिरणारे पाणी एका खात्याचे आणि गल्ली दुसऱ्या खात्याची असा संसार चालला होता.

नालेसफाई

नालेसफाई हा मुंबईचा उन्हाळी हंगाम आहे. वर्षभरात काढायच्या गाळापैकी साधारण ८० टक्के पावसाळ्यापूर्वी, १० टक्के पावसाळ्यात आणि उरलेला पावसाळ्यानंतर काढायचा अशी विभागणी असते. पावसाळापूर्व कामाची मुदत ३१ मे. एप्रिल उजाडला की नाल्याकाठी पोकलेन उभे राहतात आणि मेच्या मध्यावर पाहणी दौरे सुरू होतात. पाहणी दौऱ्यात नाल्याकडे बोट दाखवणारी एक व्यक्ती, त्या बोटाकडे पाहणारे आठ-दहा अधिकारी आणि या सगळ्यांकडे पाहणारा छायाचित्रकार असतो. नाल्याकडे कोण पाहते हे छायाचित्रातून स्पष्ट होत नाही. सत्ताधाऱ्यांचा दौरा झाला की विरोधकांचा होतो. तोच नाला पहिल्या दौऱ्यात साफ आणि दुसऱ्या दौऱ्यात तुंबलेला आढळतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर चार पावसाळे नगरसेवकांविना गेले, पण पाहणी दौरे थांबले नाहीत. पाहणी दौरा ही पद्धत असून तिला व्यक्ती लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

नालेसफाई टक्क्यांत मोजली जाते. काही वर्षी हा आकडा शंभराच्या पुढे गेल्याचेही जाहीर झाले. टक्के हे ठरवलेल्या वजनाचे असतात, नाल्याचे नसतात, हे लक्षात घेतले की या आकड्याची आणि गुडघाभर पाण्याची एकाच दिवशी सांगड बसते. गाळ वजनावर विकत घेतल्यासारखा मोजला की वजन वाढवण्याचे मार्ग निघतात. म्हणून वजनकाटे आले, मग गाड्यांवर जीपीएस आले, मग कामाचे चित्रीकरण आले आणि २०२५ मध्ये ते चित्रीकरण तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता आली. गाळाच्या मागे इतकी बुद्धी एकवटलेले हे जगातले बहुधा एकमेव शहर असावे. नाल्याचा तळ आधी किती खोल होता आणि नंतर किती खोल झाला, हे काठी टाकून पाहण्याचा मार्ग मात्र तांत्रिकदृष्ट्या फारच साधा असल्याने मागे पडतो.

या प्रकरणात नागरिकांचा वाटाही मोठा आहे. नाल्यातून निघणाऱ्या ऐवजात थर्माकोल, गाद्या, उशा, मोडके सोफे आणि प्लास्टिकच्या पिशव्या असतात. नाल्याच्या काठी राहणारा माणूस पालिकेवर रागावून खिडकीतून ज्या वेगाने पिशवी भिरकावतो, त्या वेगाने नाला साफ करणारी यंत्रणा अद्याप निघालेली नाही. हे काम कोणाच्याही हद्दीत न अडकता, सर्व प्रभागांत सारखे आणि वर्षभर चालते.

२०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. एरवी तो ११ जूनच्या सुमारास येतो. मुदत संपायला पाच दिवस शिल्लक होते, पण पावसाला मुदत कळवलेली नव्हती. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. हिंदमाता आणि गांधी मार्केट यांसारख्या ठिकाणचे पंप वेळेत सुरू झाले नाहीत म्हणून ते चालवणाऱ्यांना दंड झाला. वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक १० मे रोजी प्रवाशांसाठी खुले झाले होते. २६ मे रोजी ते पाण्यासाठी खुले झाले. ‘दहा हजार वर्षांत असे झाले नाही’ म्हणणाऱ्या अत्र्यांच्या हिशेबातही सोळा दिवस फार होत नाहीत.

पंप, टाक्या आणि परवानग्या

भरतीच्या वेळी पाणी आपोआप जात नसेल तर ते उचलून टाकावे लागते. त्यासाठी समुद्राच्या तोंडाशी मोठी उदंचन केंद्रे बांधली गेली : हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध. भरती आली की समुद्राकडचे दरवाजे बंद होतात आणि पंप आतले पाणी बाहेर फेकतात. हिशेबाने अशी आठ केंद्रे व्हायची होती. मोगरा आणि माहुल ही दोन मागे राहिली. माहुलसाठी पाहिलेली जागा मिठागराची होती, म्हणजे केंद्राच्या मीठ आयुक्तांच्या अखत्यारीतली. समुद्राचे पाणी हटवायला जमीन हवी, जमिनीला मिठाची परवानगी हवी, आणि मीठ समुद्राच्या पाण्याचे. अशा रीतीने अर्ज पुन्हा समुद्राकडे येतो. मधल्या वर्षांत गांधी मार्केट आणि चुनाभट्टी येथील रहिवाशांनी परवानगीची वाट पाहिली, बहुतेक वेळा माळ्यावर बसून.

याच्या उलट उदाहरण हिंदमाताचे. तेथे पाणी समुद्राकडे ढकलण्याऐवजी ओहोटी येईपर्यंत थांबवायचे ठरले. दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या गेल्या. मिलन सबवेसाठीही अशीच टाकी झाली. या कल्पनेचे तांत्रिक वैशिष्ट्य असे की पाण्याला वाट पाहायला लावता येते. तिचे प्रशासकीय वैशिष्ट्य अधिक मोलाचे आहे : काम जवळजवळ एकाच संस्थेच्या हातातले असल्याने ते झाले. टाकी बांधली तरी पंप सुरू करायला माणूस वेळेवर हवा, हे २०२५ च्या मे महिन्याने शिकवले. त्याशिवाय दर पावसाळ्यात शहरभर चारशेहून अधिक तात्पुरते पंप बसवले जातात. पंप साचलेले पाणी उपसून जवळच्या गटारात सोडतो. गटार भरलेले असल्यास पाणी रस्त्यावर परत येते आणि पंपाला दिवसभर काम मिळते.

मॅनहोलचे प्रकरण मात्र गांभीर्याने घ्यावे लागते. साचलेले पाणी जावे म्हणून झाकणे उघडली जात, आणि २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. लोखंडी जाळी हा अगदी स्वस्त उपाय होता. तो सुचायला किंमत फार मोठी पडली.

समन्वय बैठक

वर उल्लेखिलेल्या सर्व संस्था एकत्र येतात त्या प्रसंगाला समन्वय बैठक म्हणतात. ती एप्रिल किंवा मे महिन्यात होते. बैठकीला प्रत्येक संस्थेचा असा अधिकारी येतो, ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार नसतो पण ऐकून वर सांगण्याचा असतो. प्रास्ताविकात मागच्या वर्षीच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते आणि ते याही वर्षी लागू असल्याचे आढळते. मग प्रत्येक जण आपल्या हद्दीतले काम पूर्ण झाल्याचे सांगतो. सगळ्या हद्दींची बेरीज केली तर शहर पूर्ण होते, पण दोन हद्दींच्या मधले जे सात-आठ फूट असतात त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बोलावलेला नसतो. पाणी नेमके तिथेच साचते. शेवटी एक व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होतो, ज्यावर जूनपर्यंत सुप्रभात येते आणि जूननंतर पाण्याची छायाचित्रे.

रेल्वे आणि महापालिका यांच्यातले कल्व्हर्ट हे या शास्त्रातले नमुनेदार उदाहरण. रुळांखालून जाणारा कल्व्हर्ट रेल्वेचा, त्यात येणारा नाला महापालिकेचा. रूळ पाण्याखाली गेले की नाल्याचे पाणी रुळांवर आले, असे रेल्वे सांगते. कल्व्हर्ट तुंबल्यामुळे नाला फुगला, असे महापालिका सांगते. दोन्ही निवेदने खरी असतात, आणि एकाच वेळी प्रसिद्ध होतात. शीव ते कुर्ला या पट्ट्यात अडकलेल्या प्रवाशाला ती मोबाइलवर वाचायला पुष्कळ वेळ मिळतो. तरी येथे प्रगती झाली आहे. कल्व्हर्टच्या सफाईचे पैसे महापालिकेने द्यायचे आणि काम रेल्वेने करायचे, काही ठिकाणी रुळांखालून नव्या वाहिन्या टाकायच्या, अशी व्यवस्था बसली. पैसे एकाचे, रूळ दुसऱ्याचे आणि भोक दोघांचे, हे तत्त्व मान्य व्हायला काही दशके लागली.

शेजारी

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत : मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, वसई-विरार, मीरा-भाईंदर आणि पनवेल. शिवाय बदलापूर-अंबरनाथसारख्या नगरपरिषदा. यांची सीमा बहुतेक ठिकाणी खाडी, नदी किंवा नाला आहे. दोन शहरांची हद्द नाल्यावर ठरली की नाल्याचा अर्धा भाग एका शहराचा आणि अर्धा दुसऱ्याचा होतो. आपला अर्धा नाला साफ करणाऱ्या शहराला, पाणी दुसऱ्या अर्ध्यातूनही वाहते, हे पावसाळ्यात कळते.

नवी मुंबई सिडकोने आखली तेव्हा सखल जमिनीसाठी धारण तलावांची योजना केली होती : भरतीत दरवाजे बंद, पावसाचे पाणी तलावात, ओहोटीत दरवाजे उघडे, पाणी खाडीत. योजना शहाणपणाची होती. पुढे तलावांत गाळ भरला आणि गाळात कांदळवन उगवले. कांदळवन तर खुद्द पुराचा वेग मोडणारे, आणि उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याच्या तोडीवर कडक बंदी घातलेली. आता तलाव साफ करायचा तर पूर थांबवणारी झाडे काढायची, आणि झाडे ठेवायची तर पूर थांबवणारा तलाव बुजू द्यायचा. सिडकोने बांधलेले, महापालिकेने सांभाळायचे, कांदळवन कक्षाने राखायचे आणि न्यायालयाच्या परवानगीने साफ करायचे असे हे तलाव आहेत. खेकडे तेवढे कोणाला न विचारता राहतात.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल, हवाईदल, रेल्वे, स्थानिक प्रशासन आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुखरूप बाहेर काढले. त्या दिवशी कोणीही हद्द विचारली नाही, इतिवृत्त लिहिले नाही. यावरून एक नियम मांडता येतो : संस्थांमधला समन्वय पाण्याच्या पातळीबरोबर चढतो आणि तिच्याबरोबरच उतरतो. ऑक्टोबरमध्ये तो तळाला गेलेला असतो.

पुणे आणि मोजमापाचा प्रश्न

पुण्याला समुद्र नाही, पण धरणे आहेत. नदीकाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. बांधकामाला परवानगी महापालिका देते. या दोन कार्यालयांच्या मधल्या रस्त्यावर रेषा कधीकधी पुसट होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आपली जुनी वाट कोणती होती ते दाखवले आणि त्यात माणसे गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्याच्या विसर्गाची सूचना वेळेवर मिळाली की नाही यावर दोन यंत्रणांचा जाहीर मतभेद झाला. रहिवासी त्या चर्चेत भाग घेऊ शकले नाहीत. ते गच्चीवर होते.

सूचना मिळाली तरी ती क्युसेकमध्ये असते. अमुक हजार क्युसेक म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये किती पाणी, हे गणित घरात स्कूटर असलेल्या माणसाला पाठ नसते. या बाबतीत कोल्हापूर पुढे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. पाणी ४१ फुटांवर गेले की कोणत्या गल्लीत काय होते, हे लोक एकमेकांना सांगतात आणि म्हशी हलवतात. मुंबईतही यंत्रे कमी नाहीत. शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, २०२० साली आयफ्लोज ही पूर इशारा प्रणाली आली, २०२२ पासून वेरावलीला दुसरे डॉप्लर रडार आहे, आणि आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६ हा क्रमांक चालू आहे. माहिती ढगातून कार्यालयापर्यंत आता वेळेत पोहोचते. कार्यालयातून गल्लीपर्यंतचे अंतर कमी असल्याने तिथे ती रेंगाळते.

निचरा

हे सगळे एकत्र ठेवले की निष्कर्ष फार अवघड राहत नाही. जिथे जागा, पैसा, पंप आणि पंप चालवणारा माणूस एका छताखाली आले तिथे पाणी लवकर उतरले. जिथे यांतले प्रत्येक वेगळ्या शिक्क्याचे होते तिथे पाणी शिक्के जमेपर्यंत थांबले. म्हणून नद्या आणि नाले वॉर्डाच्या नकाशावर न वाटता उगमापासून मुखापर्यंत एकेका अधिकाऱ्याच्या नावे असावेत, आणि त्याला हद्दीपलीकडे खर्च करण्याचा अधिकार असावा. गाळाचे वजन न मोजता तळाची खोली मोजावी आणि ती नाल्याच्या भिंतीवर रंगवावी, म्हणजे पाहणी दौऱ्याला पाहायला काहीतरी मिळेल. कांदळवन, कल्व्हर्ट आणि मिठागर यांच्या परवानग्या वर्षाआड न मागता पाच वर्षांसाठी एकदम घ्याव्यात. इशारा क्युसेकऐवजी ओळखीच्या पुलाच्या, देवळाच्या किंवा जिन्याच्या पायरीत द्यावा. नागरिकांनी गादी नाल्यात टाकू नये.

पाऊस, भरती आणि जमिनीचा उतार यांवर कोणत्याही संस्थेचा अधिकार चालत नाही. पंप, नाला आणि बैठक या तिन्हींवर चालतो. यांतली बैठक सर्वांत स्वस्त आहे. ती मे महिन्यात घेण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये घ्यावी, कारण तेव्हा पाणी कुठे साचले होते हे सर्वांना आठवत असते आणि निविदा काढायला पुढे आठ महिने असतात.